सातवं मत

शिवाजीनगर, बेंगळूर
ता. ६ मे १९५७

ती. सौ. गोजराअक्का हिस,
येसाजीचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. आईचा खोकला स्वल्प कमी आहे. तू पाठवलेला मोरावळा ती उशाशी ठेवते आणि मला चाखूसुद्धा देत नाही. पोटची लेक ती लेक, मी काय, असाच सापडलेला!

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. काल आपल्या भवानी फुटबॉल क्लबची कमिटी बसली. जूनपासून लीग सुरू होईल. सेंटर हाफला दाजींनाच ठेवायचं की त्या नव्या पोराला, बसवंतला, घ्यायचं, यावर दोन तास भांडण झालं. कल्लाप्पा म्हणाला, फत्तेसिंगअण्णा अडतीस वर्षांचे झाले, मागच्या वर्षी शेवटची वीस मिनिटं ते मैदानात चालत होते. आपला गोलकीपर विठोजी म्हणाला, चालेनात का, चेंडू कुठे येणार हे अजून त्यांनाच सगळ्यांच्या आधी कळतं. दोघांचंही खरं. तीन मतं इकडे, तीन तिकडे. सातवं मत सेक्रेटरीचं, म्हणजे माझं. मी आठ दिवस मागून घेतलेत.

अक्का, नुसता खेळ बघितला तर बसवंतला घ्यावं. पण बूट घालायची पद्धत नव्हती तेव्हापासून दाजींनी मला हाताशी धरून शिकवलं. त्यांच्याविरुद्ध माझा हात वर कसा होईल? घरी ते कसे असतात? थकतात का? सोडायचं स्वतःहून कधी बोलतात का? ते आपण होऊन म्हणाले तर आम्ही सगळेच सुटू. दाजींना हे दाखवू नकोस.

धाकट्यावर माया आहेच, ती अशीच असू दे.
तुझा येसू

*

होसकोटे
ता. १० मे १९५७

चि. येसाजी यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

हे शाळेत कसलीशी यादी करायला गेले होते तेव्हा तुझं पत्र आलं, म्हणून बरं. नाहीतर ते यांच्याच हाती पडतं.

थकतात का म्हणून विचारलंस. थकतात रे. मागच्या मोसमात दर शनिवारी बसने तुमच्याकडे खेळून यायचे आणि रविवारी दोन्ही गुडघे सुजायचे. मी मिठाच्या पाण्याने शेकायची. सोमवारी मुलांची ड्रिल खुर्चीवर बसून घ्यायचे. हेडमास्तर चांगले, कानाडोळा करायचे.

पण दुसरंही ऐक. आपली चंपा घटसर्पाने गेली त्याला या नागपंचमीला दोन वर्षं होतील. नऊ वर्षांची पोर. त्या दिवसापासून यांनी तिचं नाव घेतलेलं नाही. मी घेतलं तर ताटावरून उठून जातात. घरात आम्ही दोघंच, आणि बोलणं मीठ वाढ, दार लाव एवढंच. शनिवारी बस धरायला निघाले की मात्र पाय उचलून चालतात. एकदा आपणहून म्हणाले, चेंडू पायाशी असतो तेवढा वेळ डोकं रिकामं असतं गोजरा.

मला खेळातलं काही कळत नाही. बहीण मागते म्हणून समज, यांना आणखी एक वर्ष ठेव. मात्र मी सांगितलं हे यांना कळू देऊ नकोस.

आईला जप. तिला म्हणावं, मोरावळा संपला की कळव.
तुझी अक्का

*

शिवाजीनगर
ता. १४ मे १९५७

ती. सौ. अक्का हिस शि. सा. न. वि. वि.

तू म्हणालीस तसं झालं. मेव्हणा म्हणून ठेवतोय असं कुणी म्हणू नये, यासाठी चंपा गेल्यापासून खेळ हाच दाजींचा विसावा आहे, हे मी कमिटीत सांगितलं. सांगावं की नाही कळेना, पण सांगून बसलो. एकेकाचा हात वर गेला. कल्लाप्पानेसुद्धा खाली बघत हात वर केला. बसवंत राखीव राहील. त्याचं तोंड उतरलं, पण तो सरी, ठीक आहे, म्हणाला.

काल दाजी आले तेव्हा कळवलं, की तुम्हाला एकमताने निवडलंय. त्यांनी दोनदा विचारलं, एकमताने? अक्का, लग्नात तुला बघितलं तेव्हा हसले होते तसे हसले.

कृपा असू दे.
येसू

*

होसकोटे
ता. २२ जुलै १९५७

रा. रा. सेक्रेटरी, भवानी फुटबॉल क्लब, यांस
फत्तेसिंग याचा नमस्कार.

माझं नाव आजपासून संघातून कमी करावं. शनिवारच्या मॅचमधले दोन्ही गोल माझ्यामुळे झाले. चेंडू कुठे येणार हे मला कळलं होतं. पाय पोचले नाहीत. खेळणाऱ्याला एक दिवस हे कबूल करावंच लागतं, आणि मी करतो.

येसू, मॅचनंतर कल्लाप्पा रागाच्या भरात बोलून गेला. म्हणाला, अण्णा, तुमची पोर गेली म्हणून आम्ही तुम्हाला ठेवलं आणि त्या बसवंतला बाहेर बसवलं. बोलला आणि तोच रडायला लागला. त्याच्यावर माझा राग नाही.

पण तू? तुझी चूक झाली की मी तुला चारचौघांत तोंडावर सांगायचो. तू मला सांगितलं नाहीस. दाजी, आता पुरे, एवढंच म्हणायचं होतं. मी चिडलो असतो, आठ दिवस तुझ्या दारात आलो नसतो, आणि नवव्या दिवशी बसवंतला शिकवायला आलो असतो. त्याऐवजी महिनाभर मी मान ताठ ठेवून खेळलो, की मला सगळ्यांनी निवडलंय.

माझ्या पायांचा निकाल पायांवरून लावायचा होता. त्यात माझ्या लेकीला आणायचं नव्हतं. तिची आठवण जिथे पोचत नव्हती अशी तेवढीच एक जागा मला होती. आता तीही गेली.

माझ्या घरातलं तुला कुणी सांगितलं ते मी विचारत नाही.

सासूबाईंना दंडवत.
फत्तेसिंग

*

होसकोटे
ता. ५ ऑगस्ट १९५७

चि. येसूस अनेक आशीर्वाद.

यांचं पत्र मिळताच त्या शनिवारी तू आलास, पाय धरलेस, आणि यांनी तुला उठवून कॉफी दिली आणि पावसापाण्याचं बोलले. तुला ओरडले असते तर बरं झालं असतं, मला ठाऊक आहे. तू गेल्यावर बसवंतही येऊन गेला, शिकवा म्हणून. त्याला दारातूनच सांगितलं, सवड नाही. बिचारा चप्पल हातात घेऊन फाटकापर्यंत तसाच गेला.

परवाच्या शनिवारी बसची वेळ झाली तसे हे उठले, दारापर्यंत गेले आणि परत येऊन बसले. मला राहवलं नाही. मी सांगून टाकलं, की पत्र मी लिहिलं होतं, येसूचा दोष निम्माच आहे. वाटलं, आता हे माझ्याशीही बोलणं टाकणार. पण म्हणाले, माहीत होतं.

मग त्यांनी विचारलं, की दोन वर्षं शनिवारी मी निघून जायचो, तेव्हा तू घरात एकटी काय करायचीस.

येसू, हे मला कुणीच विचारलं नव्हतं. मी म्हणाले, चंपाशी बोलायची. मला वाटलं, उठून जातील. उठले नाहीत. म्हणाले, काय बोलायचीस ते मला सांग. मी सांगायला लागले. मध्येच त्यांनी एकदा तिचं नाव घेतलं, आणि मग ते जे रडायला लागले ते मला आवरेनात. दिवेलागण झाली तरी दिवा लावायला कुणी उठलं नाही.

इतक्यात येऊ नकोस. त्यांची माया आटलेली नाही, पण तुझ्याकडे बघायला त्यांना वेळ लागेल. तोवर माझ्या एकटीच्या मायेवर निभाव.

तुझी अक्का