बोटं बघायची राहिली

बारामती,
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप तात्यांस,

सुप्रियाचा नमस्कार. काकूच्या पाया पडते. तुमच्या हाताचे टाके सुकले, हे ऋषिराजकडून कळलं. म्हैस आता काकूला धार काढू देते, का अजून लाथा झाडते?

इकडं मी बरी आहे. खोलीवर समिना सोबतीला आहेच, ड्यूटीही आमची एकत्रच असते. परवा ती भिगवणला घरी जाऊन आली, येताना आईच्या हातचं चिलापी माशाचं कालवण घेऊन आली. तुम्ही असता तर दोन भाकरी जास्त खाल्ल्या असत्या. दवाखान्यात उसाच्या हंगामाची गर्दी आहे. कुणाला कोयता लागलेला, कुणी ट्रॉलीवरून पडलेलं, रोज चालूच आहे.

फोन असताना पत्र कशाला, असं वाटेल तुम्हाला. पण त्या दिवसाचा विषय काढला की तुम्ही "जाऊ दे गं पोरी" म्हणता आणि फोन काकूच्या हातात देता. म्हणून लिहितेय. शेवटपर्यंत वाचा.

त्या दुपारी एकच्या सुमारास ऋषिराज तुम्हाला घेऊन आमच्या अपघात विभागात आला. सकाळी पडून हात मोडल्यावर तुम्ही आधी हाड बसवणाऱ्याकडं गेला होता. त्यानं कामट्या लावून हात करकचून बांधला होता. तुम्ही कळवळत होता. समोरच्या बाकावर मोरगावच्या दगडाबाई बसल्या होत्या, एकट्याच एसटीनं आलेल्या. पदरानं घाम पुसत होत्या, बोलत काहीच नव्हत्या.

मी आधी तुमच्याकडं आले. नाडी लागत होती, बोटं गरम होती, हलत होती. पट्टी मात्र फार घट्ट होती. ती कापायला कात्री घेतली आणि दगडाबाईंकडं नजर गेली. ओठ पांढरे पडले होते.

"मावशी, काय होतंय?"

"काय न्हाय गं, पित्त झालंय. सकाळधरनं जबडा ठणकतोय. तू त्यांचं बघ आदी, त्यास्नी लई दुखतंय."

घाम, जबडा आणि तो रंग. मी कात्री खाली ठेवली. ऋषिराज ओरडला, "ताई, आपलाच माणूस हाय की! आदी तात्यांचं बघ!" तेव्हा तुम्हीच त्याला दटावलंत, "गप रं. तिला कळतंय. जा गं तू."

ओरडणाऱ्याचा निदान श्वास तरी चालू आहे हे कळतं, गप्प बसलेल्याकडं आधी बघा, असं आम्हाला पहिल्या वर्षापासून शिकवतात. ईसीजी काढला, हार्ट अटॅकच होता. डॉक्टर येतात न येतात तोच त्यांचं हृदय थांबलं. समिना आणि मी आळीपाळीनं छाती दाबत होतो. दोनदा शॉक दिला तेव्हा कुठं नाडी परत आली. मग त्यांना वर आयसीयूत नेलं, सोबत मी गेले. मागच्या आठवड्यात त्या तपासणीला आल्या होत्या, स्वतःच्या पायांनी चालत. माझ्या गालावरून हात फिरवला त्यांनी. मला मान वर करवेना.

इथपर्यंतची गोष्ट तुम्ही सगळ्या कळस गावाला कौतुकानं सांगता. पुढची मी कुणालाच सांगितली नव्हती.

वर जाताना मी दारातून तुमच्याकडं बघितलं होतं. तुम्ही डोळे मिटून शांत पडला होता. दुखणं कमी झालं असेल, असं मी धरून चालले. तुम्हाला कसलंही औषध दिलेलं नव्हतं तात्या, मग दुखणं कमी होईलच कशानं? मघाशी कण्हणारा माणूस गप्प झाला, तर दगडाबाईंकडं गेले तशीच तुमच्याकडं धावायला हवं होतं. सिंधू सिस्टर टेबलापाशी मोकळ्या होत्या. "तात्यांची पट्टी सोड, दर पंधरा मिनिटांनी बोटं बघ," एवढं सांगायला किती वेळ लागला असता? ते मी सांगितलं नाही.

का नाही सांगितलं, याचा महिनाभर विचार केला. घरच्या माणसाला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, हे एक मनात होतं. आणि दुसरं, तुम्ही माझे होता. तात्या सांभाळून घेतील, असं गृहीत धरलं. त्या खाटेवर परका माणूस असता तर मी नक्की कुणाला तरी सांगून गेले असते.

मी परत आले तेव्हा तीन वाजत आले होते. तुमची बोटं गार पडली होती. हाक का नाही मारली विचारलं, तर म्हणालात, "तू कामात हुतीस. बोटं माझी न्हाईत असं वाटाय लागलंय बघ." मग धावपळ, ऑपरेशन. आतला दाब मोकळा करायला कोपरापासून मनगटापर्यंत हात चिरावा लागला.

पट्टी एवढा वेळ का ठेवली, असं सर्जननी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "मीच सोडू दिली न्हाय. पोरगी सांगत हुती, मीच हट्ट धरला." केसपेपरवर तसंच लिहिलं गेलं, पेशंटनं नकार दिला. मी शेजारीच उभी होते. गप्प राहिले.

शुक्रवारी मी मेट्रन मॅडमना सगळं सांगितलं आणि लेखी दिलं. त्यांनी आधी मला बसवून पाणी दिलं. मग म्हणाल्या, "त्या बाईला आधी घेतलंस ते बरोबरच. पण ज्याला थांबवलं त्याच्याकडं परत जायचं, आणि जाता येत नसेल तर कुणाला तरी सांगून जायचं. तेवढं चुकलं." चौकशी होईल. तोवर मला अपघात विभागातून काढून वॉर्डात टाकलंय. केसपेपरवर आता खरं काय ते लिहिलं गेलंय.

डॉक्टर म्हणतात, व्यायामानं मूठ बरीच मिटेल, पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पहिल्यासारखं होणं अवघड आहे. पट्टी वेळेवर सोडली असती तर ती बोटं वाचली असती का, हेही मी विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही, पण वाचण्याची शक्यता खूप जास्त होती. तुमच्यापासून हेसुद्धा लपवायचं नाही, असं ठरवलंय.

येत्या रविवारी मी कळसला येतेय. काकूसमोर आणि ऋषिराजसमोर हे माझ्या तोंडानं सांगणार आहे. त्या वेळी मध्ये बोलू नका. "मीच हट्ट धरला" असं म्हणू नका. तुम्ही कधी माझ्यावर आवाज चढवला नाहीत, पण या खेपेला रागवा तात्या. तुम्ही माझी चूक अंगावर घेतलीत, त्यापेक्षा तुमचा राग मला सोपा जाईल.

तुम्ही घरात घ्याल या आशेनं,
तुमची पुतणी
सुप्रिया