मनालीचं मॉडेल आणि माझी पिशवी

बोईसर, गुरुवार संध्याकाळ

मनालीच्या शाळेसाठी आज आम्ही बापलेकीने पचनसंस्थेचं मॉडेल केलं. कंपनीतून आणलेल्या पारदर्शक नळीचं आतडं केलं. रंगीत पाणी ओतलं, तर ते मोठ्या आतड्यात अडलं.

"पप्पा, इथे अडलं तर माणूस मरतो?"

आतड्याचं ऑपरेशन झाल्यापासून पोटावर लावलेली शौचाची पिशवी मी तिच्यापासून लपवतोय. लाज कसली वाटते मला? शेवटी शर्ट वर केला.

"माझंही इथेच अडलं होतं. डॉक्टरांनी बाजूने वाट काढली."

तिने पिशवीला हलकेच बोट लावलं. "दुखतं?"

"आता नाही."

मग तिने नळी कापून बाहेर एक पिशवी जोडली. पाणी सरळ तिच्यात उतरलं.

"बाई विचारतील, हे असं का?" मी म्हटलं.

"सांगेन, हे माझ्या पप्पांचं आहे."

मी उठून तोंड धुऊन आलो.