जिना उतरणारी मुलगी

प्रिय आई,

मी मजेत आहे. मोटेलात तळमजल्याचीच खोली मिळाली, त्यामुळे जिन्याचा त्रास नाही. गाडीला नवे टायर टाकलेत, तेव्हा बर्फाची काळजी करू नकोस. बाबांचा खोकला गेला का?

आमच्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघासाठी शाळकरी मुली हेरत नेब्रास्कात फिरतेय. काल केंड्राचा खेळ पाहिला. काय उडी मारते पोरगी! मग रीतीप्रमाणे तिच्या घरी गेले. तिच्या आईने, लोइसने, जर्दाळू भरलेले गोड पाव, इथे त्यांना कोलाचे म्हणतात, भाजले होते. शिष्यवृत्तीच्या करारावर सही करताना पोरीने घालायची म्हणून आमच्या कॉलेजची टोपीसुद्धा टेबलावर आणून ठेवली होती.

केंड्रा खाली आली ती कठडा धरून, आडवी होत, एकेक पायरी.

"गुडघा दुखतो का गं?" मी विचारलं.

"छे हो, लहानपणापासूनची खोडच आहे तिची!" लोइस घाईने म्हणाली आणि माझ्या ताटलीत आणखी एक कोलाचा वाढला. केंड्रा आईकडे नुसती बघत राहिली.

मी कॉलेजला अजून फोन केलेला नाही. खरं सांगितलं तर तिची शिष्यवृत्ती जाईल. लपवलं तर गुडघा.

आई, शाळेत खेळायचे तेव्हा मीही तशीच उतरायचे. तू ओट्यापाशी उभी राहून बघायचीस. तुला कळत होतं का गं? सांग, मी रागावणार नाही.

तुझीच,
मार्नी