ओविदिओच्या किडनीसाठी सुरक्षित तार

३ मार्च
आजपासून सिगारेट बंद. कायमची.
धाकट्या भावाच्या, ओविदिओच्या, दोन्ही किडन्या गेल्या आहेत. डायलिसिसवर आहे, बस चालवणं सुटलं. भावंडांत त्याच्याशी रक्तगट जुळणारा मी एकटाच. रविवारी जेवताना सगळ्यांसमोर सांगून टाकलं, माझी एक घे. त्याची बायको अम्पारो रडली. मला फार बरं वाटलं. रुग्णालयातल्या सिस्टरची अट एकच, आधी तंबाखू सोडा, मग पुढच्या तपासण्या. त्यात काय. येताना व्हेप, म्हणजे विजेवरची सिगारेट, घेऊन आलो.

त्याच दिवशी, संध्याकाळी
व्हेपमध्ये कॉइल असते. म्हणजे तारेचं वेटोळं. ते तापतं, भोवतीच्या कापसातल्या लिक्विडची वाफ होते, वाफ छातीत. सगळा खेळ तारेचा. आणि तार मला कोणी शिकवू नये. निम्म्या मानिसालेस शहराचे विजेचे, आतली तार तापून पाणी गरम करणारे शॉवर मी दुरुस्त करतो. डोंगरातल्या या थंडीत लोक कढत पाण्याने आंघोळ करतात ते माझ्यामुळे.
ठरलं. आधी सर्वांत सुरक्षित तार शोधायची, मगच तपासण्या. भावाला खराब माल द्यायचा नाही.

७ मार्च
जुन्या शॉवरमधली तार गुंडाळून बसवली. चव नळासारखी. खोकला.
व्हेपच्या दुकानातला विल्मार म्हणाला, अहो हिलदार्दो, ही तार कशाची आहे ते तुम्हाला माहीत नाही, मला माहीत नाही. आंघोळीची वस्तू छातीत कशाला ओढताय? मी म्हटलं, तुला तुझी रिळं खपवायचीत. तरी एक घेतलं.
खोकल्यावर उतारा म्हणून दोन सिगारेटी. औषध धरायचं, मोजायचं नाही.

१६ मार्च
विल्मारची तार चांगली तापते. पण तिच्यात लोखंड आणि क्रोमबरोबर अ‍ॅल्युमिनियमही आहे. अ‍ॅल्युमिनियमने विसराळूपणा येतो असं कुठेतरी वाचलं होतं. कुठे ते आठवत नाही. सिगारेट सुटली म्हणून सांगितल्यावर सिस्टरने आजची एक्स-रेची तारीख दिली होती, तीही विसरलो. म्हणजे सिद्धच झालं. तार बदलणे आवश्यक.

२९ मार्च
निक्रोम. शॉवरमधल्या तारेचीच जात, पण दुकानातली, डब्यावर नाव असलेली. झटपट तापते. मग लक्षात आलं की यात निकेल असतं, आणि मागे घड्याळाच्या पट्ट्याने माझ्या मनगटावर पुरळ आलं होतं. मनगटाचं हे, तर छातीचं काय? सिस्टरला फोन करून रक्ततपासणी पुढे ढकलली. तिने विचारलं, पुरळ आलंय का? म्हटलं, येऊ शकतं.
सकाळच्या कॉफीबरोबरची सिगारेट चालू आहे. ती कॉफीत धरतो.

११ एप्रिल
टायटॅनियम. माणसाच्या हाडांत बसवतात, म्हणजे प्रश्नच मिटला. नेहमीप्रमाणे कोरडी तापवून लालभडक केली. पांढरी पूड धरली. विल्मारने व्हेप हातातून काढूनच घेतलं. म्हणाला, काका, ही तार लाल करायची नसते हे मी दोनदा सांगितलं, तुम्ही तेव्हा मला शॉवर समजावून सांगत होतात.
दोनदा नव्हे. एकदाच सांगितलं होतं.

२२ एप्रिल
स्टेनलेस स्टील, प्रत ३१६. विल्मार म्हणाला, फार तापवू नका, कापूस सुका पडू देऊ नका, बाकी चिंता नको. आणि आता माझ्याकडच्या तारा संपल्या.
खोकला नाही. चव स्वच्छ. दिवसभर करमलं नाही. मक्याची अरेपाही घशाखाली उतरेना. खोट कुठे आहे ते सापडेना.

२५ एप्रिल
सापडली. डब्यावर ३१६ छापलंय, पण ते खरं कशावरून? विल्मारला कारखान्याचं प्रमाणपत्र मागवायला सांगितलं. प्रमाणपत्र येईपर्यंत तपासण्या नाहीत. तोवर जुनी, खात्रीची गोष्ट, म्हणजे सिगारेट.

४ मे
डायलिसिसच्या वेळी ओविदिओजवळ बसलो. पाय एवढे सुजलेत की बूट चढत नाहीत, अम्पारोच्या चपला घालून आला होता. त्याने विचारलं, दादा, तारेचं जमलं का? आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, मी भांडून उठलो असतो. त्याला निकेलविषयी सगळं समजावलं. तो ऐकत राहिला.

९ मे
सिस्टरचा फोन. ती म्हणाली, लिक्विडमध्ये निकोटीन आहे का? आहे, म्हटलं. मग आमच्या तपासणीत ते दिसणार. बिननिकोटीनचं घ्या, नाहीतर सरळ सोडा. मी विचारलं, आणि तारेचं काय? तारेबद्दल तुम्हाला कोणी विचारलंय का, म्हणाली.
दोन महिन्यांची मेहनत. या लोकांना शास्त्राशी देणंघेणं नाही.
फोन ठेवता ठेवता सहज विचारलं, चीर केवढी देतात? वितीपेक्षा लहान, म्हणाली. घाबरताय का? मी म्हटलं, छे. मग जिन्यावर बसून राहिलो. साखर कमी झाली असावी.

२१ मे
ओविदिओ स्वतः आला. दोन जिने चढून. धाप लागली होती. मी प्रमाणपत्राचं काढलं तर हात वर केला. म्हणाला, राहू दे दादा. अम्पारोच्या तपासण्या झाल्यात. तिची चालते म्हणाले. गुरुवारी ऑपरेशन.
मी म्हटलं, अरे, मी तयार आहे, फक्त तार—
म्हणाला, तू घाबरलायस हे मला कधीचंच कळलं होतं. कोणीही घाबरेल. तू एकदा तोंडाने सांगशील म्हणून वाट बघत राहिलो. अम्पारो केव्हापासून मागे लागली होती, मीच तिला थांबवत होतो. दादाला कमीपणा येईल, म्हणत होतो.
कॉफी विचारली. म्हणाला, पाणी मोजून प्यावं लागतं. कठड्याला धरून एकेक पायरी उतरला. मी खाली सोडायला गेलो नाही.

रात्री
अम्पारोला दोन लहान मुली आहेत. ती कधी इंजेक्शनलाही तयार नसायची.
मला लाज वाटते आहे, ती इथे लिहितो. पण तो गुरुवार म्हणाला तेव्हा आधी लाज वाटली नाही. आधी सुटल्यासारखं वाटलं. दार लावलं आणि मार्चपासून पहिल्यांदा पोटभर जेवलो.