अमरावतीची पिचर

बाबा, तुम्हाला जाऊन आता वीस वर्षं होत आली. एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे, ती आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहिताना हात अडखळणार नाही. ती अमरावतीची मुलगी तुम्हाला सोडून गेली नव्हती. मी तिला घालवली. तुम्ही शेवटपर्यंत तिला कृतघ्न समजत राहिलात आणि मी तुमच्यासमोर बसून तुम्हाला चहा देत राहिले.

दिवाळी संपली की तुम्ही स्वयंपाकघरातल्या त्या पत्र्याच्या टेबलावर बसून ‘यंदाचा अंदाज’ लिहायचात. फुलस्केप कागद, निळी शाई, आणि तुमच्या सॉफ्टबॉलच्या संघातल्या प्रत्येक मुलीपुढे एक ओळ. दुसऱ्या दिवशी तो कागद शाळेच्या मैदानावरच्या शेडमध्ये लागायचा आणि आम्ही सगळ्या एकमेकींच्या खांद्यावरून माना काढून वाचायचो. ‘कॅचर: हात चांगले, गप्पा त्याहून चांगल्या.’ ‘तिसरा बेस: पळते छान, कुठे पळायचं ते अजून ठरलेलं नाही.’ सगळ्यात खाली ‘एकंदरीत’ असं लिहून त्यापुढे दरवर्षी तेच: ‘काही खरं नाही.’ पुण्यात मुलींचा सॉफ्टबॉल बघायला येणार कोण? दोन पालक, शाळेचे शिपाई आणि चुकून आत आलेला एखादा गृहस्थ, जो पाच मिनिटं बघून “हे क्रिकेट नाही वाटतं” म्हणून निघून जायचा. पण तो कागद वाचताना आम्हाला वाटायचं, आपल्याकडे कोणीतरी नीट बघतंय. माझ्यापुढे एका वर्षी तुम्ही लिहिलं होतंत, ‘पिचर: चेंडू सरळ जातो. समोरच्यांनाही ते कळलेलं आहे.’ सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी येऊन न्हाणीघरात नळ सोडून रडले, ते तुम्हाला माहीत नाही.

मैदानावर मी तुम्हाला सर म्हणायचं आणि घरी बाबा, हा नियम तुमचाच. मला तुमच्या चेहऱ्यावरून दोघांतला फरक कधी कळला नाही. अकराव्या वर्षी तुम्ही माझ्या हातात चेंडू दिलात, हात पूर्ण गोल फिरवून खांद्याखालून कसा सोडायचा ते दाखवलंत, आणि तेव्हापासून बारा वर्षं मी संघाची पिचर होते. “चांगलं टाकलंस” हे दोन शब्द त्या बारा वर्षांत मी ऐकले नाहीत. “चेंडू टाकतेस की पोस्टकार्ड? पोचेल तेव्हा पोचेल!” हे मात्र सगळ्या नारायण पेठेने ऐकलं असेल. मी जगत होते ती त्या दोन शब्दांसाठी. हे आज लिहिताना हसू येतं, पण तेव्हा मला दुसरं काही नकोच होतं.

मग राज्य स्पर्धेत ती दिसली. काळीसावळी, हडकुळी, पायात दुसऱ्या कोणाचे तरी बूट. तिने आपल्या पुण्याच्या मुलींना एकीमागून एक बाद केलं. मी बॅट घेऊन उभी आहे, पहिला चेंडू येतो तो मला दिसतच नाही, दुसरा दिसतो पण उशिरा, तिसऱ्याला मी बॅट फिरवते तेव्हा तो कॅचरच्या हातात जाऊन बसलेला असतो. मी मान खाली घालून परत येते आहे आणि मला टाळ्या ऐकू येतात. मान वर करते तर तुम्ही उभे राहून टाळ्या वाजवताय. तिच्यासाठी. तुमचा चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता, माझ्या पदवीच्या निकालालाही नाही.

तिचा अमरावतीचा क्लब त्याच वर्षी बंद पडला आणि ती मोकळी झाली. जळगावचे लोक तिच्या मागे होते, मुंबईचा एक संघही होता. तुम्ही गुडघेदुखी विसरून एसटीने दोनदा अमरावतीला जाऊन आलात. तिच्या वडिलांच्या सायकलच्या दुकानात स्टुलावर बसून तुम्ही त्यांना शब्द दिलात, “मुलगी माझ्या घरी राहील, माझ्या मुलीसारखी.” परत आल्यावर हे वाक्य तुम्ही आईला किती कौतुकाने सांगितलंत. मी पलीकडे पोळ्या लाटत होते. माझ्यासारखी म्हणजे कशी, असं विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं.

ती आली, इथल्या कॉलेजात नाव घातलं आणि घरात रुळली. आईच्या हातातली विळी काढून घ्यायची, “काकू, तुमी बसा वं, मी करतो,” म्हणायची. मुलगी असून ‘करतो’ म्हणते म्हणून आईला तिचं फार हसू यायचं. मला ती ताई म्हणायची. तिच्यात नाव ठेवायला जागा नव्हती, हीच तर पंचाईत होती. त्या वर्षीचा अंदाज तुम्ही दोन दिवस लिहीत होता. शेडमध्ये लागला तेव्हा वाचला: ‘पिचर: अमरावतीची. बघालच.’ आणि खाली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, ‘एकंदरीत: यंदा करंडक.’ माझं नाव शेवटी होतं. त्यापुढे विनोद नव्हता, टोमणा नव्हता. एकच शब्द, ‘राखीव’. त्या दिवशी कोणी हसलं नाही.

मी तेव्हा खराडीला नुकतीच लागले होते. शेतांच्या मधोमध काचेच्या इमारती उठत होत्या आणि आमच्या कॉल सेंटरला रोज माणसं हवी होती. माणसं आणायची हेच माझं काम. तुम्ही म्हणायचात, “अमेरिकेतल्या लोकांची फोनवरून समजूत काढायला एवढी माणसं लागतात? आमची काढायला घरात एक नाही.” त्या कामात मी चांगली होते, बाबा. कोणाला काय हवंय ते मला पाच मिनिटांत कळायचं. अमरावतीच्या मुलीला काय हवंय तेही कळलं होतं. तिला बापाच्या दुकानावरचं ओझं कमी करायचं होतं आणि ते ती कोणाजवळ बोलत नव्हती.

मी तिला म्हटलं, “आमच्याकडे अर्ज कर. इंग्रजीचं मी बघते.”

“मले नाई जमत वं ताई. अन् सर? सराची प्रॅक्टिस?”

“बाबांना विचारलंय मी. नोकरी मिळत असेल तर घे म्हणाले.”

मी तुम्हाला काही विचारलेलं नव्हतं. माझं काम दिवसाचं होतं, पण फोनवर बसणाऱ्यांना न्यायला गाडी दुपारी तीनला यायची आणि रविवारीही यायची, म्हणजे संध्याकाळची प्रॅक्टिस आणि रविवारचे सामने दोन्ही बुडणार, हे मला पाठ होतं. तिला मी सांगितलं की पहिले दोन महिनेच तसं असतं, मग वेळ बदलून मिळते. हेही खोटं होतं.

तीन आठवडे रोज सकाळी मी तिला स्वयंपाकघरात शिकवलं. इतक्या मनापासून मी आयुष्यात दुसरं काही केलेलं नाही. ती भाजी चिरतेय, मी समोर बसून गिऱ्हाईक झालेय, रागावतेय, ती मला इंग्रजीत शांत करतेय. आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, सख्खी बहीण करणार नाही एवढं करते. तुम्हाला वाटलं, तिच्या कॉलेजसाठी चाललंय. एक दिवस तुम्ही दाढी करता करता दारात थांबलात, अर्ध्या गालाला साबण तसाच होता, आमच्याकडे बघत राहिलात आणि म्हणालात, “चांगलं शिकवतेस.” एवढंच म्हणून आत गेलात. बारा वर्षं ज्याची वाट बघितली ते मला मिळालं, ते असं मिळालं. तेव्हा थांबता आलं असतं. मी थांबले नाही.

तिची निवड झाली. तुम्हाला सांगायचा तिला धीर होईना, म्हणून मी म्हटलं, मी सांगते. तुम्ही मैदानावर जायला निघाला होता, बुटाची नाडी बांधत होता. मी म्हटलं, “तिने खराडीला नोकरी धरलीये. अर्ज केला तेव्हा मलाही बोलली नाही. सोमवारपासून जाणार, प्रॅक्टिसला जमणार नाही म्हणते.” तुम्ही नाडी बांधून पूर्ण केलीत. मग दुसऱ्या बुटाची सोडून पुन्हा बांधलीत. “मॅचेसना?” एवढंच विचारलंत. मी नकारार्थी मान हलवली. तुम्ही किल्ल्या घेतल्यात आणि गेलात, आणि मी खिडकीतून बघत होते, तुम्ही कोपऱ्यावर पोचेपर्यंत दोनदा थांबलात.

ती सामान घेऊन निघते आहे. चंदननगरला मुलींबरोबर खोली मिळाली आहे. ती तुमच्या पाया पडते आणि तुम्ही, जे तिला पहिल्या दिवसापासून ‘ए पोरी’ म्हणत आलात, ते तुम्ही म्हणता, “आपण आता मोठ्या झालात. आईवडिलांना कळवा. सुखी राहा.” ती दचकून वर बघते. “सर, तुमीच तं...” असं काहीतरी म्हणायला लागते, आणि मी तिची पिशवी उचलून म्हणते, “चल, चल, रिक्षा थांबलीये.” एवढंच केलं मी. ते वाक्य पुरं झालं असतं तर तुम्हाला सगळं कळलं असतं. जिन्यात ती रडत होती आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते.

तुम्ही शेडमधला कागद काढलात आणि दुसरा लावलात. त्यावर फक्त नावं आणि जागा होत्या. माझ्यापुढे ‘पिचर’. एकंदरीतच्या पुढे काही नव्हतं. पुढच्या दिवाळीनंतर तुम्ही अंदाज लिहिलाच नाहीत. त्यानंतरच्या पावसाळ्यात तुम्ही गेलात. डॉक्टर म्हणाले हृदय आधीपासून कमजोर होतं, आणि मी ते वाक्य घट्ट धरून ठेवलं आहे. त्या दिवशी ती आली होती. वर आली नाही. खाली औषधाच्या दुकानाच्या पायरीशी ऑफिसचं कार्ड गळ्यात तसंच ठेवून उभी होती. आई म्हणाली, “कोणत्या तोंडाने आली?” मी आईला काही सांगितलं नाही. आईही तशीच गेली.

गेल्या आठवड्यात वाघोलीला तिच्या नव्या घराची वास्तुशांत होती. कुठून तरी माझा नंबर मिळवून तिने बोलावलं. आता ती ऑफिसात शंभर-दीडशे माणसांच्या वर आहे, बोलणं पार पुणेरी झालंय, वडिलांना दुकान बंद करायला लावून इथे आणलंय. माझ्या हातात पेढ्याचा बॉक्स देऊन म्हाताऱ्याला सांगत होती, “बाबा, या ताईमुळे झालं हं सगळं.” ते हात जोडून उभे राहिले. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. तिचं भलंच झालं, असं मी वीस वर्षं स्वतःला सांगत आले आहे, आणि झालंही आहे. म्हणून का ते माझं पुण्य होतं?

जेवणं झाल्यावर तिने मला बाल्कनीत नेलं. मला वाटलं घर दाखवतेय. तर एकदम जुन्या बोलीत म्हणाली, “ताई, एक पुसू? सरानंच हो म्हनलं होतं ना? मंग मले ‘आपन’ काऊन म्हनले? मी काय केलं होतं वं?” वीस वर्षं तिने हे पोटात ठेवलं होतं. घर झालं, मुलं झाली, आणि आत तो एक प्रश्न तसाच.

मी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. आणि म्हणाले, “अगं, त्यांचा गळा भरून आला होता. नंतर नेहमी नाव काढायचे तुझं.” तुम्ही तिचं नाव एकदाही काढलं नव्हतंत, बाबा. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, आणि मला म्हणाली, बरं वाटलं.

तेव्हा हे पत्र खरं म्हणजे तिला जायला हवं. तिचा पत्ता माझ्याकडे आहे, वास्तुशांतीच्या पेढ्याच्या बॉक्सवर तिने नव्या घराचा पत्ताच छापून घेतलाय. पण ती वाचेल, आणि मग काहीतरी म्हणेल. तुम्ही काही म्हणणार नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे. इतकी मी भित्री आहे. तुम्हाला भेकड माणसांचा राग होता, आणि ते बरोबरच होतं.

मला पश्चात्ताप होतो. तिच्या त्या प्रश्नानंतर झोप लागलेली नाही. पण तुमच्याशी आता खोटं बोलायचं नाही असं ठरवून बसले आहे, म्हणून एवढं सांगते आणि हा कागद घडी करून ठेवते. त्या हंगामात आपण एकही सामना जिंकलो नाही. तुम्ही आतून तुटत होता, ते मला समोर दिसत होतं. आणि प्रत्येक सामन्याला तुम्ही चेंडू माझ्या हातात ठेवायचात, दुसरं कोणी नव्हतंच म्हणून ठेवायचात, तरी मी खूश होते, बाबा. तेवढी खूश मी पुन्हा कधीच झाले नाही.