उंची पाच-सहा

मामा, मी टाचा उचलल्या नव्हत्या. हे शेवटचं सांगतोय, यापुढे या विषयावर माझ्याकडून एक अक्षर येणार नाही. तुमच्या मागच्या पत्रात मामीच्या गुडघ्याबद्दल एक ओळ, गळक्या छपराबद्दल अर्धी, आणि दाराच्या चौकटीवरच्या त्या पेन्सिलीच्या रेघेबद्दल सबंध पान! म्हणे, थंडीचा कोट मागशील तर पाच फूट पाचचा माग, पाच-सहाचा ढगळ होईल, रेघ मारताना तू टाचा उचलल्या होत्यास. अहो, चौकटीला पाठ लावून, डोक्यावर पट्टी आडवी धरून रेघ तुम्हीच मारलीत ना? मग तेव्हा तुमचे डोळे कुठे होते? इतकी वर्षं गप्प बसायचं आणि भाचा परमुलखात गेला की मागून आरोप करायचा, हे शोभतं का? असो. तुम्हाला आणि मामीला नमस्कार (मामीचा गुडघा दुखत असेल तर तिने तो बसूनच घ्यावा). माझी तब्येत उत्तम आहे. म्हणजे शरीराची. बाकीचं पुढे लिहितो, ते मामीला वाचून दाखवू नका. दाखवाच म्हणाली तर आधी तिला पाणी द्या.

हा सगळा घोटाळा तुमच्या त्या पत्राने झाला आहे, हे आधी लक्षात घ्या.

मी इथे गिर्यारोहणाला माणसं नेणाऱ्या एका बाईंच्या गोदामात आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. लोक डोंगरावरून परत आले की त्यांच्या झोपायच्या पिशव्या उलट्या करून झटकायच्या, तंबूंचे खांब जुळवायचे, स्टोव्हच्या तोंडातली काजळी पिनेने काढायची. (एवढा मोठा डोंगर चढून माणूस खाली काय घेऊन येतो ते मला विचारा. एक मोजा. दुसरा वरच राहतो.) डोंगर गोदामाच्या खिडकीतून रोज दिसतो, पण मी अजून त्याच्या पायथ्यालाही गेलेलो नाही. दुसऱ्यांच्या पायांचा वास घेत इथे बसून माझं डोकं फिरायची वेळ आली होती. त्यात तुमचं पत्र आलं. ते वाचून मी कोटांच्या दांडीपाशी धुमसत उभा होतो, इतक्यात मालकीणबाईंनी बाहेरून हाक मारली, “काय रे, तुझी उंची किती झालीय आत्तापर्यंत?”

मला वाटलं, कोटाचं माप विचारतायत. मी तुम्हाला ऐकू जाईल इतक्या जोरात म्हणालो, “पाच-सहा!” मग बाई आत आल्या आणि म्हणाल्या, “पाच-सहा? आणि कधी बोलला नाहीस?” मी म्हटलं, त्यात बोलायचं काय, दिसतंच की. त्यांनी विचारलं, कधी झाली? म्हटलं, सतराव्या वर्षापर्यंत. मग थांबली. “का थांबलास?” मी म्हटलं, “आपल्या हातात असतं का बाई ते?” यावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, नाही सांगायचं तर नको सांगूस.

मामा, इथल्या माणसांत उंची म्हणजे माणूस डोंगरावर किती वर जाऊन आलाय ती, आणि पाच-सहा म्हणजे पाच-सहा हजार मीटर. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, आणि तेही सगळ्यांच्या देखत. वरच्या खिंडीच्या मोहिमेची बैठक होती, मी चहा ठेवायला गेलो, तर बाईंनी मलाच खुर्ची दिली. म्हणाल्या, या मुलाने सतराव्या वर्षीच पाच-सहा हजार गाठलेत, पुढे वर काहीतरी घडलं, त्याबद्दल तो बोलत नाही. सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की मलाच माझ्याबद्दल वाईट वाटलं. आमचं नेहमीचं शेपूट (ओळीत सगळ्यात मागे चालणाऱ्याला इथे शेपूट म्हणतात, कोणी मागे पडला, बरळायला लागला तर त्याला धरून खाली आणायचं काम त्याचं) नोकरी सोडून गेलंय. ते काम मला मिळालं. आता तुम्ही म्हणाल, तिथल्या तिथे तोंड का नाही उघडलंस? मामा, जन्मात पहिल्यांदा मला कोणीतरी “अहो” म्हणालं होतं. शिवाय शेपटाला पगार वेगळा. मनात म्हटलं, मामीच्या गुडघ्यासाठी एकदम पाच-सहा हजार पाठवता येतील. आणि चालायचंच तर आहे, मागच्या माणसाने पुढच्याची पाठ बघत जायचं, त्यात काय कळायला हवंय?

पहिले काही दिवस झकास गेले. नकाशा पसरून कोणी विचारायचं, या वळणावर पाणी मिळेल का हो? मी बराच वेळ नकाशाकडे बघायचो (नकाशा उलटा आहे की सुलटा, हेच कळायला तेवढा वेळ लागायचा) आणि म्हणायचो, वर गेल्यावर कळेल. सगळे माना डोलवायचे. वारा कसा असेल? वर गेल्यावर कळेल. एकाने तर ते वहीत लिहून घेतलं.

पण काल ते संपलं. आमच्यात एक बँकवाला आहे, वजनदार, बोलका, कचेरीत सगळ्यांना खिंडीवरचा फोटो आणीन म्हणून सांगून आलेला. त्याला रजा एका दिवसाने कमी मिळाली. तो म्हणतो, तिसऱ्या मुक्कामावरची विश्रांती गाळू. मोहिमेबरोबर येणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणतात, मुळीच नाही, अंगाला विरळ हवेची सवय व्हायला तो दिवस हवाच, नाहीतर छातीत पाणी भरतं, माणूस झोपतो तो उठत नाही. निम्मे इकडे, निम्मे तिकडे, आवाज चढले. शेवटी मालकीणबाई म्हणाल्या, हा जाऊन आलाय ना, हा सांगेल तसं करू. मामा, त्या खोलीत भिंतीवर घड्याळ आहे हे मला तेव्हा ऐकू आलं. “वर गेल्यावर कळेल” हे तोंडावर आलं होतं. पण वर गेल्यावर काय कळणार होतं? मी म्हटलं, उद्या सांगतो.

बैठक सुटल्यावर बँकवाल्याने मला स्टोव्हच्या फळीपाशी गाठलं. म्हणाला, “अहो, तुम्ही नुसतं ‘चालेल’ म्हणा. एक शब्द. बाकी मी बघतो.” आता माझी पंचाईत बघा. गोदाम वरच्या मजल्यावर आहे. हा गृहस्थ जिना चढताना मध्येच वाकतो आणि बुटाची लेस बांधतो. रोज बांधतो. आणि त्याच्या बुटांना लेसच नाही. हे मला पहिल्या दिवसापासून दिसतंय आणि मी मनात हसत होतो. काल हसू आलं नाही. मी चालेल म्हटलं, तर तो चालेल का? आणि नाही चालला तर त्या बर्फात त्याच्या मागे कोण असणार? मी. ज्याने बर्फ फक्त लोकांच्या मोज्यांतून ठिबकताना पाहिलाय.

आज दुपारी परत बैठक आहे. आत्ता मी पिशव्यांच्या ढिगावर बसून हे लिहितोय. खाली जिन्यात कोणीतरी चढतंय आणि मध्येच थांबलंय. तुम्ही काळजी करू नका. मी भ्यालेलो नाही. अक्षर वाकडं आलंय ते ढीग हलतो म्हणून. मामीला नमस्कार, छपराचं बघा.

तुमचा भाचा (उंची: चौकटीवर लिहिली आहे तीच)

ता.क. पत्र मिळाल्याबरोबर मालकीणबाईंना फोन करा आणि तुम्ही फार आजारी आहात, भाच्याला ताबडतोब पाठवा, असं सांगा. उगाच जास्त नको, मरायला टेकलात इतकंच. तुम्ही स्वतः बोलू नका, तुम्ही फोनवर ओरडता. मामीला बोलायला सांगा, तिला रडता येतं. खरं म्हणजे हे पत्र मी एवढ्यासाठीच लिहिलं.

ता.क. दुसरं. फोन करू नका. वरचं खोडलं असतं, पण शाई पाठीमागे उमटते. बैठक झाली. बाईंनी विचारलं, मग काय ठरलं? मी उभा राहिलो आणि म्हणालो, बाई, माझी उंची पाच फूट सहा इंच आहे. कोणाला काही कळेना. ज्याने “वर गेल्यावर कळेल” वहीत लिहून घेतलं होतं त्याने हेही लिहून घेतलं. मग डॉक्टरीणबाईंना एकदम हसू फुटलं, आणि बँकवाला ओरडला, “म्हणजे हा कधी वर गेलेलाच नाही?” मी म्हटलं, नाही गेलो साहेब, पण तुम्ही जिन्यात कसली लेस बांधता? तो लाल झाला. मला वाटलं, आता मारतो. पण तो खाली बसला, आपल्या बुटांकडे बघत राहिला आणि म्हणाला, “दम पुरत नाही. घरी कोणाला सांगितलेलं नाही.” डॉक्टरीणबाईंनी त्याला तिथल्या तिथे बाकावर आडवं करून छाती तपासली. विश्रांतीचा दिवस राहिला. बँकवाल्याला दुसऱ्या मुक्कामापर्यंतच परवानगी आहे, फोटो तिथला काढायचा, खिंड मागे दिसेल अशा बेताने. मालकीणबाई तडक उठून गेल्या. संध्याकाळी आल्या, म्हणाल्या, शेपूट मी दुसरं आणतेय, तू किटली घेऊन दुसऱ्या मुक्कामापर्यंत यायचंस आणि त्या बँकवाल्याला धरून खाली आणायचंस. खाली येणं तरी जमेल ना? म्हटलं, जमेल. पुन्हा “अरे” झालो आहे. पण मामा, डोंगर जवळून बघणार!

ता.क. तिसरं. कोट देताना बाईंनी मला तंबूच्या खांबाला उभं करून स्वतः मापलं. म्हणाल्या, आता तुझ्या तोंडच्या आकड्यावर विश्वास नाही. पाच-पाच भरलो. कोट बरोबर बसतो, ढगळ होत नाही. टाचा उचलल्या होत्या, मामा. मामीला सांगा, पाच-सहा हजार आत्ता जमणार नाहीत. सोबत पाठवतोय ते पाचशे पाच आहेत.