रेवणप्पाचे गुडघे

१४ जानेवारी १९४६, परंडा

संक्रांत. मठात प्रसादाची पंगत. शेजारचा रेवणप्पा नेमका समोर बसला. साठी ओलांडलेला माणूस, पण हात न टेकता मांडी घातली आणि हात न टेकता उठला. मी अजून अठ्ठावन्नचा. मी खांब धरून उठलो. खांब जवळ होता म्हणून धरला. गुडघ्यांचा आवाज झाला, तो मजबूत हाडांचा होतोच. तरी चार माणसांनी वळून पाहिलं.

घरी आल्यावर नीलम्मा म्हणाली, "रेवणप्पाभाऊजी कसे टुणटुणीत आहेत अजून!" पेशकार म्हणून मी अख्खी तहसील गाजवली. बत्तीस वर्षांच्या संसारात माझ्या कुठल्याच अवयवाबद्दल ती असं बोललेली आठवत नाही.

१६ जानेवारी

पंचांतले कल्याणप्पा आले. २८ फेब्रुवारीला सिद्धेश्वराची पालखी. पुढचा दांडा तीन पिढ्या आमच्या घराकडं आहे. म्हणाले, "पेशकारसाब, गुडघा दुखत असंल तर यंदा रेवणप्पाला इचारावं म्हणतो." मी म्हणालो, कसला गुडघा? आणि त्यांना दारापर्यंत पोचवायला उठलो. मी उठेपर्यंत ते गल्लीच्या टोकाला गेले होते.

१७ जानेवारी, सकाळ

निश्चय केला. पालखीपर्यंत गुडघे रेवणप्पाच्या वरचढ करायचे. गाडीचं चाक कुरकुरलं की आपण वंगण घालतो. गुडघ्यानं काय घोडं मारलंय? आजपासून करडईचं तेल पोटात. रोज अर्धी वाटी. आज पूर्ण वाटी घेतली, कारण मुदत थोडी आहे.

१७ जानेवारी, दुपार

अकरा वेळा उठबस झाली. परसाकडं. व्यायामात धरायला हरकत नाही.

२१ जानेवारी

उजवा गुडघा टम्म सुजला. नीलम्मानं ओढत डॉक्टर अण्णारावांकडं नेलं. हैद्राबादेत शिकून आलेले, वय माझ्या निम्मं.

त्यांनी सुई घालून गुडघ्यातलं पाणी काढलं. थेंबभर दोन बोटांत धरून बोटं फाकवली. थेंब टपकन खाली पडला. म्हणाले, "निरोगी गुडघ्यातल्या रसाला भेंडीसारखी तार येते. असतो जेमतेम चमचाभर, पण हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते, ती त्यामुळंच एकमेकींवरून अलगद सरकते. तुमच्या गुडघ्यात दाह आहे, म्हणून रस भरमसाट झालाय आणि ताकात पाणी घालावं तसा पातळ झालाय. कूर्चाही झिजलीय, तिचा खरखर आवाज होतो."

मी तेलाचं विचारलं. म्हणाले, पोटातलं तेल गुडघ्यात उतरत नाही. ते कुठं उतरतं हे मला सतरा तारखेलाच कळलं होतं.

आणखी बरंच बोलले. कूर्चेत रक्त जात नाही, ती स्पंजासारखी असते, पाऊल टाकलं की दबते, उचललं की रस शोषते, तेच तिचं जेवण. म्हणून सूज उतरली की सपाटीवर थोडं थोडं चाला, उकिडवं बसू नका, वजन उचलू नका.

मी मुख्य पॉइंट तेवढा ध्यानात ठेवला. रेवणप्पाकडं तार आहे. माझ्याकडं पाणी.

२३ जानेवारी

भेंडी खायची ठरवली. थंडीत ताजी भेंडी मिळेना. नीलम्मानं वाळवलेली काढली, तिला तार येत नाही. मग जवस भिजवला. हातभर तार आली. नाक धरून गिळला. संध्याकाळी गुडघा वाकवून पाहिला. आवाज आहे, पण त्यात जरा नरमाई वाटली.

नीलम्मा म्हणाली, आवाज तोच आहे. तिला बारकावे कळत नाहीत.

२ फेब्रुवारी

सूज उतरली. सकाळी खिडकीतून रेवणप्पाला पाहिलं. रोज किल्ल्याच्या खंदकापर्यंत जातो आणि येतो. पाठ ताठ, हात झुलवत. माझ्या पोटात अशी आग पडली की जवसही विझवू शकला नाही.

तेवढ्यात मुद्दा सुचला. रस चमचाभरच असतो. रेवणप्पा तो रोज चालून उधळतोय. मी पूर्ण रेस्ट घेऊन साठवला तर अठ्ठावीस तारखेला त्याचा हौद कोरडा आणि माझा काठोकाठ! डॉक्टर चाला म्हणाले होते. पण ते तरुण आहेत, त्यांना बचतीची किंमत काय कळणार? आजपासून खुर्ची सोडायची नाही.

९ फेब्रुवारी

खुर्चीतले सात दिवस पूर्ण. रेवणप्पा आला. "पेशकारसाब, चला की खंदकापतोर. मोकळं वाटंल." लई प्रेमानं बोलत होता. डाव मी ओळखला. माझा साठा त्याला रस्त्यावर सांडायचा आहे. मी थंडीचं कारण सांगितलं. अर्धा तास उभ्यानंच गप्पा मारून गेला. काय बोलला ते आठवत नाही. मी त्याच्या गुडघ्यांकडं बघत होतो.

२० फेब्रुवारी

खुर्चीतून उठताना आता नीलम्माचे दोन्ही हात लागतात. पाय लाकडासारखा जड झालाय. हौद भरत आल्याची खूण असावी.

२७ फेब्रुवारी

उद्या पालखी. दांडा उचलण्याची तालीम घेतली नाही, रस फुकट कशाला घालवा? संध्याकाळी नीलम्मा फेटा इस्त्रीला ठेवता ठेवता थांबली. म्हणाली, "तुम्ही पडलात तर गाव हसंल. मला न्हाय हसू यायचं." मी म्हणालो, फेट्याला घडी पडू देऊ नकोस.

१ मार्च

काल लिहवलं नाही.

दांडा मीच घेतला. कल्याणप्पा दोनदा म्हणाले, राहू द्या. गर्दीत रेवणप्पा दिसला, म्हणून मी आणखी ताठ झालो. नऊ पावलं चाललो. नवव्याला गुडघा अडकला. पुढंही जाईना, मागंही येईना. पालखी माझ्या बाजूला कलली. बायका ओरडल्या. मी धुळीत बसलो, म्हणजे पडलोच.

मागून चालणाऱ्या गल्लीतल्या तरण्या धोंडीबानं झेप घेऊन दांडा खांद्यावर घेतला, म्हणून देव वाचला. कल्याणप्पा ओरडले, "रेवणप्पा, धर की!" रेवणप्पानं हात जोडले. "मला डाक्टरनं वजन उचलायची बंदी केलीया. दोन वर्सं झाली." आणि दांड्याकडं न जाता तो माझ्याकडं आला. काखेत हात घालून मला उठवलं.

पालखी धोंडीबाच घेऊन गेला. पुढच्या वर्षीचा मानही त्यालाच द्यायचं ठरलं. मी दीड महिना ज्याच्याशी शर्यत लावली, तो शर्यतीत नव्हता.

३ मार्च

रेवणप्पा आला. त्याच्या डाव्या गुडघ्यातूनही अण्णारावांनी पाणी काढलं होतं, माझ्यासारखंच, टपकन पडणारं. तेव्हा त्याला मांडी घालता येत नव्हती. "पन्नास पावलांपासून सुरू केलं," म्हणाला. "घरी येऊन रडायचो. झिजलेलं परत येत न्हाय, उरलंय तेवढं राखायचं. तुमाला सांगाया तर आलतो त्या दिवशी, अर्धा तास सांगितलं. तुमी खालीच बघत हुता."

मी पाणी पिण्याच्या निमित्तानं तोंड फिरवलं. तो खोटं बोलत असता तर बरं झालं असतं. माझ्याजवळ नसलेली एखादी गोष्ट त्याच्याजवळ जन्मापासून असती, तर निदान जळण्यात काही अर्थ होता.

१४ मार्च

सूज उतरली. आज रेवणप्पाबरोबर बाहेर पडलो. पन्नास पावलं ठरली होती, बासष्ट झाली. तो माझ्यासाठी मुद्दाम हळू चालत होता. मी मुद्दाम भरभर चालत होतो. तरी तोच पुढं.

वाटेत भूमचा एक पाहुणा भेटला. रेवणप्पाला म्हणाला, "वडलांना फिरवाया आणलं व्हय?"

रेवणप्पा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा आहे. माझी अब्रू राखायला तो घाईघाईनं म्हणाला, "न्हाय, न्हाय. थोरले बंधू हैत."